वाळूच्या ठरावावर सही करण्याआधी एवढं वाचा

आमच्या गावाची पाणीपुरवठ्याची विहीर गिरणेच्या पात्रात आहे. मी शाळेत होतो तेव्हा तिचा कठडा माझ्या गुडघ्याला लागायचा, आम्ही पोरं नदीत डुंबून आलो की त्यावर बसून अंग वाळवायचो. आता त्याच कठड्यावर जायचं तर ऑपरेटर आप्पांना शिडी लावावी लागते. विहीर काही वाढली नाही, तिच्या भोवतीची नदी खाली गेली. सिमेंटच्या कड्या एकाखाली एक उघड्या पडल्यात, मागच्या मे मधे मी मोजल्या तर पाच, म्हणजे साधारण दहा फूट, नी जुनी वाळू कुठवर होती त्याची मातकट रेघ अजून वरच्या कडीवर दिसते.

त्याच वर्षी हिवाळ्यात ग्रामसभेत विषय आला, 'वाळू गट लिलावात घेण्यास शिफारस देणे' (वाळू गट म्हणजे वाळू उपशासाठी आखून दिलेला नदीपात्राचा तुकडा). विषय वाचून होईस्तोवर सह्यांचं रजिस्टर फिरून परत पण आलं. माझी सही होती त्यात. मी हजेरीची समजून ठोकली होती, मागून कळलं की हजेरी आणि ठराव एकाच्या खाली एक होते. तेव्हापासून मी हा विषय जरा खणून काढला (शब्द चुकून बरोबर आला), आणि जे समजलं ते इथे लिहितोय, त्या सहीची भरपाई समजा.

पहिली गोष्ट, खाणकाम म्हटलं की आपल्याला चंद्रपूरचा कोळसा नाहीतर गडचिरोलीचं लोखंड आठवतं, खान्देशात कुठे खाणी असं वाटतं. पण आपल्याकडे वाळू आहे, मुरूम आहे, खडीचा काळा दगड आहे, आणि हे सगळं सरकारी भाषेत 'गौण खनिज'. खनिजांचा मुख्य कायदा १९५७ चा, केंद्राचा, पण त्यातल्या कलम १५ ने गौण खनिजाचे नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय, म्हणून वाळूचं सगळं कामकाज तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी या साखळीतून चालतं. गौण हे फक्त कायद्यापुरतं, ज्याच्या नळाला पाणी येत नाही त्याला विचारा गौण आहे का.

आता वाळू आणि पाण्याचा संबंध काय ते बघू, कारण ग्रामसभेत निम्मे लोक हेच म्हणत होते की नदी तर आठ महिने कोरडीच असते, मग वाळू गेली तर बिघडलं काय. घरी करून बघा. पंधरा लिटरची बादली घ्या, काठोकाठ कोरडी जाडी वाळू भरा, आणि वरून मापाने पाणी ओता. बादली भरलेली दिसतेय तरी त्यात पाचेक लिटर पाणी आरामात जिरतं, कारण कणाकणात जागा असते. मग बादलीला खालून भोक पाडा, चारेक लिटर निथळून बाहेर येईल, बाकीचं कणांना चिकटून राहील. बस, नदी म्हणजे ही बादली. वरून कोरडी दिसते पण पोटात पाणी धरून असते, नी ते उन्हात उडून पण जात नाही कारण वर वाळूचं झाकण आहे. आपल्या आज्या उन्हाळ्यात पात्रात झिरा खोदून हंडा भरायच्या त्या याच पाण्यावर.

हिशोब करू, ढोबळ. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे २८३० लिटरची जागा. त्यातून पाव हिस्सा पाणी मिळतं असं धरलं तर ७०० लिटर. म्हणजे ब्रासभर वाळूची एक ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गेली की पंधरा लिटरच्या जवळपास ४७ हंड्यांची टाकी गावातून गेली. पाणी गेलं असतं तर पुढच्या पावसात भरलं असतं, इथे टाकीच गेली, हा फरक लक्षात घ्या. आता एक हेक्टर पात्र धरा नी तिथे तीन मीटर वाळू काढली असं समजा, तीस हजार घनमीटर होते, दहा हजारांवर ब्रास, त्यात मावणारं पाणी ७५ लाख लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, तीन हजार वस्तीच्या गावाला रोज एक लाख ६५ हजार लिटर लागतात. भागा. पंचेचाळीस दिवस येतात! एका हेक्टरवरून. म्हणजे साधारण १५ एप्रिल ते मे अखेर, जेव्हा टँकरची फाईल तहसीलला फिरत असते ना, बरोबर तेवढे दिवस. आता कुणी म्हणेल की वाळूतलं पाणी पण हळूहळू खाली सरकतंच, एका जागी बसून थोडंच राहतं. बरोबर आहे, पण वाळू असली तर ते सावकाश सरकतं, वाळू नसेल तर पूर आला तसा सुसाट तापीला जाऊन मिळतो. गिरणेवर बलून बंधारे (हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे) हवेत म्हणून आपण वर्षानुवर्षं मागणी करतोय, बरोबरच आहे ती, पण पात्रातली वाळू हा फुकटचा बंधारा होता नी तो आपण ब्रासने विकला.

गल्लीतल्या एका मावशीने हे सगळं माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं होतं, "वाळू गयी, पानी गयं, आते काय र्‍हायनं?"

दुसरा युक्तिवाद हमखास येतो, तो म्हणजे, 'जिभाऊ (दादा), पूर आला की नदी नवी वाळू आणतेच ना'. आणते. पण किती आणते नी कुठून आणते हे कुणी बघत नाही. गिरणा कळवणकडच्या डोंगरातून येते, वर चणकापूरचं धरण आहे, मोसम या तिच्या उपनदीवर हरणबारीचं आहे, नी मग नांदगाव तालुक्यात १९६९ ला पूर्ण झालेलं गिरणा धरण, साडेअठरा टीएमसी उपयुक्त साठ्याचं. धरण पाणी अडवतं तसं गाळ नी वाळू पण अडवतं. म्हणजे धरणाच्या खालच्या गिरणेला, चाळीसगाव भडगाव पाचोऱ्यापासून पुढे, वरून येणारी वाळू मोठ्या प्रमाणात बंद झालेली आहे, जी येते ती मन्याड, तितूर असल्या उपनद्या नी नाल्यांतून. बँकेत पगार जमा होणं थांबलंय नी आपण एटीएम वापरतोय, असं ते चित्र आहे. 'शाश्वत खाणकाम' असा जो जड शब्द अहवालांमधे असतो त्याचा वाळूच्या बाबतीत अर्थ एवढाच, की पावसाळा जेवढी भरून देतो त्याच्या आतच उचला. त्याला पुनर्भरण अभ्यास म्हणतात, पावसाळ्याआधी पात्राची पातळी मोजायची, पावसाळ्यानंतर परत मोजायची, वाढली तेवढ्यातलीच काढायची. दगडाला हा शब्द लागूच होत नाही खरंतर, टेकडी एकदा फोडली की फोडली, तिथे शाश्वत म्हणजे खड्ड्याचं नंतर काय करणार नी पैसा कुठे लावणार एवढंच उरतं.

हे नियमांत आहे का? आहे, नी बऱ्यापैकी आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या केसमधे सांगितलं की गौण खनिजाचा पट्टा पाच हेक्टरच्या आतला असला तरी पर्यावरण मंजुरीशिवाय चालणार नाही. त्याआधी काय व्हायचं, मोठ्या पट्ट्याचे छोटे छोटे तुकडे करायचे नी मंजुरीतून सुटायचं, ती पळवाट तिथे बुजली. मग २०१६ ला केंद्राच्या शाश्वत वाळू उत्खननाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, २०२० ला देखरेखीच्या आल्या. त्यात खोली जास्तीत जास्त तीन मीटर किंवा पाणी लागेल तिथपर्यंत, यातलं जे कमी असेल ते. आमच्या गावात सगळे 'तीन मीटर अलाऊड आहे' एवढंच पाठ म्हणतात, पुढचं अर्धं वाक्य कुणी म्हणत नाही. दीड मीटरवर पाणी लागलं तर दीड मीटरवर थांबायचं असतं. पावसाळ्यात उपसा बंद, सूर्यास्तानंतर बंद, पूल आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ठरावीक अंतर सोडायचं, ते अंतर त्या त्या गटाच्या अटींमधे मीटरमधे लिहिलेलं असतं. बेकायदा उपसा सापडला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, ४८(८) खाली गाडी जप्त.

मग एवढं असून रात्री दोन वाजता ट्रॅक्टरांची लाईन का लागते? कारण नियमाला डोळे लागतात आणि ते डोळे तहसीलला बसलेत, नदी गावात आहे. एका तलाठ्याकडे दोन तीन गावं, त्यात ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या महसूलच्या माणसांवर गाडी घातल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून कंपन्यांच्या नी सरकारच्या कागदात आता एक शब्द फार चालतो, कम्युनिटी एंगेजमेंट, आपल्या भाषेत लोकसहभाग. जगभरातल्या मोठ्या खाण कंपन्यांना पण हे उशिरा कळलंय की सरकारी लायसन्स हातात असलं तरी गाव विरोधात गेलं तर काम बंद पडतं, त्याला ते सोशल लायसन्स म्हणतात. छान आहे, पण या शब्दाच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत नी आपल्याला पहिलीच देऊन चौथी दिली असं भासवतात. पहिली, गावाला सांगणं, बोर्डावर नोटीस लावली झालं. दुसरी, विचारणं, तुमचं काय म्हणणं आहे बुवा. तिसरी, ऐकणं, म्हणजे म्हणण्यामुळे प्लॅनमधे खरंच काहीतरी बदललं पाहिजे, खोली कमी झाली, रस्ता बदलला, असं काही. आणि चौथी, गावाकडे नाही म्हणायचा नी मोजायचा अधिकार असणं. माझं स्वतःचं मत असं झालंय की चौथीतला 'मोजायचा' हा शब्द 'नाही म्हणायचा' पेक्षा पण मोठा आहे, ते पुढे सांगतो.

नाही म्हणण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ओडिशातलं नियमगिरी. तिथल्या डोंगरात बॉक्साईट, वेदांता कंपनीच्या लांजीगढ रिफायनरीसाठी हवं होतं, नी डोंगर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या, जज हजर, नी बाराच्या बारांनी नाही म्हटलं. पुढच्या जानेवारीत केंद्राने परवानगी नाकारली. हे घडलं कारण तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता. आपल्याकडे नंदुरबारमधे अक्राणी, अक्कलकुवा, नी धुळे-जळगावातल्या काही गावांना पण तसा एक आधार आहे, पेसा. १९९६ चा कायदा, अनुसूचित क्षेत्रासाठी. त्यात गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या किंवा लिलाव करायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा, नंतर घेतलेली शिफारस म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ ला केले, नी त्यात पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून जाहीर करायची प्रक्रिया करू शकतो, म्हणजे आठ पाड्यांची एक मोठी सभा भरवून दोन पाड्यांचा आवाज दाबायची गरज नाही.

बाकीच्या खान्देशात, म्हणजे माझ्या गावासारख्या ठिकाणी, ग्रामसभेची शिफारस राज्याच्या वाळू धोरणातून येते नी ते धोरण दर दोन तीन वर्षांनी कूस बदलतं. २०२३ ला सरकारी डेपो आले, ६०० रुपये ब्रास वाळू मिळणार होती, मग २०२५ ला डेपो गेले नी परत लिलाव आला. म्हणून कुणी 'असा नियम आहे' म्हटलं की पहिला प्रश्न, कुठल्या तारखेचा जीआर? तो मोबाईलवर दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही, तहसीलमधल्या क्लार्कला पण बघावं लागतं.

आता सभेचं गणित. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब, नी तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही! हे ज्याला माहीत आहे तो पहिली सभा मुद्दाम पडू देतो. म्हणजे आपण 'काय ठेवलंय ग्रामसभेत' म्हणून घरी बसतो ना, ते बसणं पण कुणाच्या तरी कामाला येतं. मोठ्या प्रकल्पांची जी जनसुनावणी असते, २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतली, तिथे तर कोरमच नाही, चार माणसं आली तरी सुनावणी झाली. पण तिथे काही चांगल्या गोष्टी पण आहेत, ३० दिवस आधी पेपरात नोटीस लागते, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा मोठ्या हुद्द्याचा प्रतिनिधी बसतो, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं नी शेवटी इतिवृत्त तिथल्या तिथे आपल्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. मला आमच्या ग्रामसभेत हेच हवं होतं. ठराव लिहा, मोठ्याने वाचा, मग सह्या. क्रम बदलला की सगळं बदलतं.

महिला सभा हा प्रकार तर फारच वाया जातो. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, कागदावर बहुतेक ठिकाणी ती होतेच, अंगणवाडीताई सह्या गोळा करतात. पण पाण्याचं सगळ्यात अचूक रेकॉर्ड कुणाकडे असतं? नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, किती मिनिटं आलं, कोणत्या महिन्यापासून गढूळ यायला लागलं, हे पुरुषांना विचारलं तर 'येतं कधीकधी' एवढंच सांगतात. माझी वहिनी तारखेनिशी सांगते, कारण गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर ती टिक करते. ते कॅलेंडर म्हणजे भूजलाचा अहवाल आहे हो, फक्त तो किचनमधे टांगलेला आहे.

आणखी एक दार आहे नी ते कुणी वाजवत नाही. प्रत्येक जिल्ह्याचा एक जिल्हा सर्वेक्षण अहवाल असतो, त्यात कुठल्या नदीत कुठल्या गटात किती वाळू आहे ते लिहितात, त्याच्याच जीवावर पुढे लिलाव होतात. त्याचा मसुदा जिल्ह्याच्या वेबसाईटवर २१ दिवस हरकतींसाठी ठेवायचा असतो. खरा लोकसहभाग तिथे व्हायला हवा, कारण एकदा तुमचा गट त्या यादीत आला की पुढे ग्रामसभेत फक्त भांडण उरतं. कॉलेजची पोरं गावात असतात, रील बघता बघता एवढं पण बघून ठेवा रे बाबांनो.

आता जरा आपल्याच पायाखालचं. 'वाळूमाफिया' हा शब्द फार सोयीचा आहे, जणू काही ते बाहेरून कुठूनतरी आलेत. आमच्याकडे ट्रॅक्टर कुणाचे? कुणाच्या पुतण्याचा, कुणाच्या शालकाचा, कापूस पिकला नाही नी फायनान्सचा हप्ता उभा राहिला म्हणून रात्रीच्या दोन खेपा मारणाऱ्याचा. घर बांधायला काढलं की आपण पण पावती नसलेली वाळू स्वस्त पडते म्हणून तीच घेतो, मी पण घेतलीय, बाथरूमच्या कामाला एक ट्रॉली. म्हणून 'गावाचं म्हणणं' असं एक काही नसतंच. वाळूवाल्या पोरांचं एक म्हणणं, नदीकाठच्या बागायतदाराचं दुसरं कारण त्याच्या विहिरीची पातळी उतरते, भूमिहीन मजुराचं तिसरं कारण पाटीने भरणारा तो असतो नी पोकलॅन आला की त्याची रोजी गेली, घरकुल मंजूर झालेल्याचं चौथं कारण त्याला वाळू हवीच आहे. सहभाग म्हणजे या सगळ्यांना एका ओट्यावर बसवणं, नी ते फार कटकटीचं, आरडाओरडा असणारं काम आहे. ज्या सभेत सगळं एकमताने झालं ती सभा झालीच नाही असं खुशाल समजा.

पैशाचं थोडक्यात. २०१५ ला खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, रॉयल्टीवर वरून एक ठरावीक टक्का तिथे जमा होतो. हा पैसा आधी पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर जायला हवा, केंद्राच्या सूचनांत या अग्रक्रमाच्या कामांना आधी किमान ६० टक्के होते, २०२४ ला ते ७० केले. तुमच्या तालुक्यात याच पैशातून कमान नाहीतर पेव्हर ब्लॉक झाले असतील तर यादी मागवून बघायला हरकत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयात होतो.

वाळूला पर्याय म्हणून एम-सँड, म्हणजे क्रशरमधे दगड दळून केलेली वाळू, राज्य सरकारने २०२५ ला त्याचं धोरण पण आणलं. नदीसाठी चांगलंच आहे. पण दगड आभाळातून पडत नाही, आपल्या काळ्या दगडाच्या टेकड्यांतूनच येणार, म्हणजे त्रास नदीकाठच्या गावाकडून टेकडीखालच्या गावाकडे सरकतो. सुरुंगाने भिंतीला तडे, कपाशीच्या पानावर पांढरी धूळ, नी काम संपलं की साठ फूट खोल खड्डा ज्यात पाणी साचतं नी पोरं पोहायला जातात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मधे सांगितलंय की खाणकाम झाल्यावर त्या जमिनीवर परत गवत उगवून द्यायचं, चाऱ्याच्या लायक करून द्यायचं. आपल्या धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांना याचा अर्थ बरोबर कळेल. खदानीची परवानगी देताना हे गवत कोण लावणार, कधी, कुणाच्या पैशाने, हे ठरावात लिहून घ्या, नंतर क्रशरवाला फोन उचलत नाही.

केरळने २००१ ला नदीकाठ नी वाळूसाठी वेगळा कायदा केला, तो मला फार आवडतो. तिथे घाटाला कडवू म्हणतात, नी प्रत्येक कडवूला स्थानिक समिती, वर जिल्ह्याची तज्ज्ञ समिती, आणि नदीत किती वाळू उरलीय याचं ऑडिट. ऑडिटमधे वाळूच नाही असं निघालं तिथे उपसा थांबवला. तिकडे पण चोऱ्या होतात, स्वर्ग नाहीये तो, पण मोजायचं आधी नी विकायचं नंतर हा क्रम त्यांनी कागदावर तरी सरळ ठेवलाय. आपल्याकडे पण ग्राम दक्षता समिती आहे बरं का, सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी असे सगळे त्यात. तुमच्या गावात ती शेवटची कधी बसली ते विचारा, मजा येईल.

पण केरळला तरी कशाला जायचं, धुळ्याला चला. पांझरेवर, साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात, फड पद्धत तीनशे चारशे वर्षं चाललीय. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, नी खालची जमीन, तिला थळ म्हणतात, ती फडांमधे वाटलेली. एका फडात एकच पीक. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा, बहुतेक धान्यात. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एखादा फड पडीक सोडायचा, नी बऱ्याच जणांची जमीन वेगवेगळ्या फडात असल्याने तोटा एकट्याच्या डोक्यावर न पडता वाटला जायचा. याच्यात इंजिनीअर नव्हता, जीआर नव्हता. पण पाटकरी रोज पाटाच्या कडेने चालत होता नी पाणी कुठवर आलं ते त्याला दिसत होतं, ही त्यातली गंमत. आपल्या वाळूला पाटकरी नाही. ठेकेदार मोजतो नी ठेकेदारच सांगतो, आणि गाव त्याच्या पावत्यांवर विश्वास ठेवतं किंवा ठेवत नाही, दोन्हीने काही होत नाही. म्हणून मी म्हटलं की मोजणं हे नाही म्हणण्यापेक्षा मोठं. 'आमचा विरोध आहे' असा ठराव केला तर साहेब विचारतात कारण काय, आपण म्हणतो पाणी जातं, साहेब म्हणतात पुरावा काय. भूजल सर्वेक्षणचे लोक गट बघायला एकदा येऊन जातात, आपण तिथे रोज असतो, मग आकडा आपल्याकडे का नको.

उगाच मोठं काही लागत नाही त्याला. आम्ही काय केलं, आप्पांनी विहिरीच्या कडीवर ऑइल पेंटने फुटाच्या रेघा मारल्या, वरून खाली, कठड्यापासून शून्य. एक रेघ वाळू कुठवर आहे ती बघायला, नी आत सोडायला सुताची दोरी, दर फुटाला गाठ, टोकाला लोखंडी वजन. दर रविवारी सकाळी पंप लावायच्या आधी माप घ्यायचं, दोन आकडे, बाहेर वाळू किती खाली नी आत पाणी किती खाली, पंप किती मिनिटं चालून फुटव्हॉल हवा धरतो (म्हणजे ओढायला पाणी उरत नाही) तो तिसरा. दोनशे पानी वही, वर तारीख, खाली जो घेईल त्याची सही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा म्हणजे नंतर वहीत खाडाखोड झाली असं कुणी म्हणायला नको. पहिल्या महिन्यात वाळूवाल्या पोरांपैकी एकाने विचारलं पण होतं, 'काय भाऊ, आमच्यावर केस करता काय', त्याला म्हटलं तूच दोरी धर. धरली त्याने, तीन रविवार आला, मग नाही आला.

लिलावाचा विषय परत येणार आहे, त्या सभेत वही टेबलावर ठेवायची असं ठरलंय, नी ठरावात तीन ओळी घालायच्या असं पण ठरलंय, की विहिरीपासून सोडायचं अंतर टेपने गावासमोर मोजून खुंट्या ठोकायच्या, वाळू या रेघेच्या खाली गेली की उपसा थांबवायचा, नी रोजच्या ब्रासचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. मानतील का, बघू. सरपंच म्हणाले वही झेरॉक्स करून ठेवा.

शेवटची नोंद परवाच्या रविवारची आहे. वाळू ११ फूट खाली, पाणी २३ फूट, पंप ३५ मिनिटं. सही आप्पांची, त्याखाली वहिनीच्या अक्षरात, 'वरच्या आळीला पाणी चौथ्या दिवशी आलं, गढूळ'.